मोफत शिकवा, फुकट राबवू नका: पुण्यात व्हर्च्युअल असिस्टंट घडवताना

मला येणारे फोन साधारण तीन प्रकारचे असतात. "ताई, एमपीएससीचे चार अटेम्प्ट झाले, आता गावाकडून पैसे मागवायची लाज वाटते." "मुलगा पहिलीत गेला. सकाळी साडेसात ते साडेबारा मी मोकळी असते, काही जमेल का?" आणि तिसरा, "दुकानात बिलिंगला आहे, दिवसभर उभं राहून पाठ गेली." तिघांनाही कुणीतरी सांगितलेलं असतं की घरबसल्या व्हर्च्युअल असिस्टंटचं काम मिळतं आणि कर्वेनगरातल्या एक बाई ते फी न घेता शिकवतात.

हा लेख त्या तिघांना शिकवू पाहणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही स्वतः हे काम करत असाल किंवा ऑफिसात बरीच वर्षं काढली असतील आणि आठवड्याचे पाच-सहा तास देऊ शकत असाल, तर आठ आठवड्यांत चार-पाच जणांना पहिलं काम घेण्याइतकं तयार करता येतं. कसं, ते मी माझ्या चुकांसकट सांगते.

व्हर्च्युअल असिस्टंट म्हणजे लांब बसून दुसऱ्याच्या कचेरीचं काम सांभाळणारा माणूस. प्रभात रोडवरच्या आर्किटेक्टच्या भेटींच्या वेळा लावणं, लंडनमधल्या एखाद्या सल्लागाराचा इनबॉक्स रोज साफ ठेवणं, बिलं पाठवणं, थकलेल्या बिलांची आठवण करणं, ऑर्डरींची शीट ठेवणं, सोशल मीडियाच्या पोस्ट वेळेवर टाकणं. यात अवघड तंत्रज्ञान फारसं नाही. अवघड आहे ते विश्वासानं वागणं, आणि शिकवायचं मुख्यतः तेच असतं.

पहिली पायरी: अटी कागदावर

मोफत म्हणजे नक्की काय, हे पहिल्याच दिवशी लिहून वाचून दाखवा. माझ्या कागदावर शिकवणाऱ्याच्या बाजूला चार ओळी आहेत: फी नाही, अनामत नाही, पुढे मिळालेल्या कामावर कमिशन नाही, मूळ कागदपत्रं ठेवून घेणं नाही. शिकणाऱ्याच्या बाजूला तीन: आठवड्याला तीन सत्रं, रोज घरी एक तास सराव, आणि न येणार असल्यास सत्राच्या आधी मेसेज. न कळवता दोनदा गैरहजर राहिल्यास जागा पुढच्या माणसाला.

ही शेवटची अट कठोर वाटते, पण पहिल्या बॅचला मी पंधरा जण घेतले, कुणालाच काही अट घातली नाही आणि तिसऱ्या आठवड्यात चौघं उरली. गेलेल्यांचा दोष नव्हता. पैसे भरलेले नसले की घरातलं प्रत्येक काम क्लासपेक्षा मोठं ठरतं, विशेषतः बायकांच्या बाबतीत. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये स्थापलेला अनाथ बालिकाश्रम पुढे ज्या हिंगण्याच्या माळावर वाढला, त्याच भागात दुपारी दोन तास बाहेर पडायला आजही काही जणींना घरी कारण द्यावं लागतं. "ताईंनी सांगितलंय, दोनदा चुकलं तर नाव कापतात" हे कारण घरात चालतं, असं मला एकीनं सांगितलं. तेव्हापासून ती अट मी कधीच सैल केलेली नाही.

दुसरी पायरी: जागा, यंत्रं आणि गुरुवार

सहा जणांपेक्षा मोठी तुकडी घेऊ नका. प्रत्येकाचा स्क्रीन तुम्हाला मागून पाहता आला पाहिजे. सोसायटीचा हॉल, एखाद्या वाचनालयाची मागची खोली किंवा दुपारी रिकामी असणारी अभ्यासिका चालते. फक्त बोलता येईल अशी हवी, पेठांतल्या अभ्यासिकांमध्ये कुजबुजही चालत नाही.

निदान चौघांकडे लॅपटॉप असावेत, जुने असले तरी चालतात. मोबाईलवर हे काम शिकता येत नाही, हे आधीच स्पष्ट सांगा. लॅपटॉप नसलेल्यांसाठी ओळखीतल्या लोकांकडे कपाटात पडलेले मागा. माझ्याकडचे दोन असेच आलेत, एकाची बॅटरी गेलेली आहे पण चार्जर लावून उत्तम चालतो.

सत्राचे वार ठरवताना गुरुवार टाळा. पुण्यात महावितरणची देखभालीची कामं आणि महापालिकेचं पाणी बंद हे बहुधा गुरुवारीच येतं. हीच गोष्ट पुढे प्रत्येकाच्या कामाचा भाग होते. "लाईट गेली होती" हे कारण क्लायंटला एकदाच सांगता येतं, दुसऱ्यांदा तो आपल्या जागी दुसरा माणूस घेतो. म्हणून पहिल्या आठवड्याच्या सरावात मी एक दिवस मुद्दाम वायफाय बंद करते. मोबाईलचा हॉटस्पॉट लावून दहा मिनिटांत सगळ्यांनी पुन्हा कामाला लागायचं. पहिल्या वेळी निम्म्यांना आपल्या हॉटस्पॉटचा पासवर्ड माहीत नसतो.

तिसरी पायरी: कुणाला घ्यायचं

मुलाखत घेऊ नका. मुलाखतीत बोलका माणूस जिंकतो आणि या कामात बोलकेपणाचा उपयोग थोडाच. त्याऐवजी एक छोटं काम द्या आणि त्यात मुद्दाम एक माहिती अपुरी ठेवा. माझं काम असं असतं: "कोथरूडमध्ये वीस माणसांची मीटिंग घेता येईल अशा तीन जागा शोधा, त्यांची तुलना शीटमध्ये करा आणि बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत ईमेल करा." मीटिंग कोणत्या तारखेला, किती वेळ आणि बजेट किती, हे मी सांगत नाही.

जो उलट ईमेल करून तारीख विचारतो, त्याला घ्या. जो अंदाजानं तारीख धरतो पण "मी ही तारीख धरली आहे" असं लिहितो, त्यालाही घ्या. जो सुंदर रंगीत शीट बुधवारी रात्री अकराला पाठवतो, त्याच्याशी बोला. वेळ का चुकली हे त्याला स्वतःहून सांगावंसं वाटलं का, ते बघा.

इंग्रजी कच्चं आहे म्हणून कुणाला परत पाठवू नका. लागणारं इंग्रजी मोजकं असतं, आठ आठवड्यांत त्यात खूप फरक पडतो. आणि एमपीएससीवाल्या मुलांना कमी लेखू नका. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीचं मिनिटाला ३० किंवा इंग्रजीचं ४० शब्दांचं टायपिंग प्रमाणपत्र लागतं, म्हणून त्यांच्यातल्या अनेकांचा हात आधीच बसलेला असतो. शिवाय बारा-बारा तास एका जागी बसायची सवय असते. फक्त चुकायची भीती त्यांच्यात खोल रुजलेली असते, कारण परीक्षेत चुकीला उणे गुण असतात. कामावर चूक लगेच सांगितली तर ती बहुतेक वेळा निस्तरता येते, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

चौथी पायरी: पहिला आठवडा, फाईल आणि हात

हा आठवडा लवकर उरका. फाईलला नाव कसं द्यायचं, फोल्डर कसं लावायचं, गुगल ड्राइव्हवर कुणाला फक्त पाहू द्यायचं आणि कुणाला बदल करू द्यायचा, कीबोर्डवरचे दहा शॉर्टकट. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र बहुतेकांकडे असतं, तरी "फायनल", "फायनल नवीन", "फायनल नवीन २" अशा नावांच्या फाईली सगळ्यांच्या लॅपटॉपवर सापडतात. नावात आधी वर्ष-महिना-दिवस आणि मग विषय, एवढा एकच नियम पक्का करून घ्या. तारखेनुसार फाईली आपोआप ओळीनं लागतात हे पाहिलं की तो नियम कुणी सोडत नाही.

पाचवी पायरी: ईमेल, आणि "हो" म्हणायची सवय

इथे मी पूर्ण दोन आठवडे देते. गरज पडली तर तीन द्या.

यांत्रिक भाग एका सत्रात होतो: विषयाची ओळ, सीसी आणि बीसीसीतला फरक, रिप्लाय ऑल कधी दाबायचं, जीमेलमध्ये पाठवलेलं पत्र मागे घ्यायची मुदत ३० सेकंदांपर्यंत वाढवणं. बीसीसी, म्हणजे बाकीच्यांना पत्ता न दिसता पत्र पाठवणं, मात्र करून दाखवा. तिघांना एक पत्र सीसीनं पाठवा आणि एकमेकांचे पत्ते कसे उघडे पडतात ते त्यांच्याच इनबॉक्समध्ये पाहू द्या. पन्नास ग्राहकांचे पत्ते असे उघडे पडले तर काय, हे वेगळं सांगावं लागत नाही.

मग भाषा. आपण ऑफिसात जे इंग्रजी शिकलो त्यातलं बरंचसं फक्त आपल्याकडे चालतं. 'डू द नीडफुल' वाचून परदेशी माणसाला नक्की काय करायचं ते कळत नाही. 'आय हॅव अ डाउट' म्हणजे आपल्या मते शंका विचारायची आहे, त्याला वाटतं की याचा माझ्या बोलण्यावर विश्वास नाही. 'प्रीपोन' हा शब्द त्याच्या कानाला नवा असतो. 'रिव्हर्ट' म्हणजे त्याच्या लेखी पूर्वस्थितीला जाणं, उत्तर देणं नाही. मी या शब्दांची यादी भिंतीवर लावते आणि समोर साधं वाक्य लिहून घेते: काय हवं, कुणी करायचं, कधीपर्यंत. मराठीत आधी मनातल्या मनात बोलून घ्यायला सांगा. "मंगळवारपर्यंत तुमचं उत्तर मिळालं तर मी बुधवारी बुकिंग करते." जे मराठीत सरळ सांगता आलं, ते इंग्रजीतही सरळ उतरतं.

खरी अडचण त्याच्याही आधीची असते. मोठ्या माणसानं काही सांगितलं की आपण "हो" म्हणतो. कळलं म्हणून हो, नाही कळलं तरी हो, जमणार नसेल तरी हो. घरात आणि शाळेत तो आदर समजला जातो. क्लायंटला मात्र "हो" म्हणजे काम होणार, असं वाटतं आणि तो निर्धास्त होतो. मग शुक्रवारी काम झालेलं नसतं.

यासाठी मी एक सराव रोज घेते, सत्राची पहिली पंधरा मिनिटं. मी घाईघाईत, अर्धवट, कधी दोन विसंगत गोष्टी घालून एक काम तोंडी सांगते. समोरच्यानं "हो ताई" म्हणायचं नाही. त्यानं तीन वाक्यं बोलायची: मला काय समजलं, काय समजलं नाही आणि पुढची बातमी मी कधी देणार. सुरुवातीला सगळे अवघडतात. माझ्या वयाच्या बाईला "तुमच्या सांगण्यात तारीख आणि वार जुळत नाहीत" असं तोंडावर म्हणणं त्यांना उद्धटपणा वाटतो. दहाव्या दिवशी ते सहज म्हणतात. आठ आठवड्यांत मी जे जे शिकवते, त्यातली ही पंधरा मिनिटं सर्वांत जास्त उपयोगी पडली असं जुनी मुलं सांगतात.

सहावी पायरी: घड्याळ

आपलं घड्याळ देशभर एकच आणि वर्षभर तेच असतं, त्यामुळे घड्याळ बदलतं ही कल्पनाच नवी असते. न्यूयॉर्कशी आपलं अंतर उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा. लंडनशी साडेचार आणि साडेपाच. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे नेते, ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारी, आणि मधल्या दोन-तीन आठवड्यांत न्यूयॉर्क-लंडन अंतरही बदललेलं असतं. परत फिरताना ब्रिटन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. हे पाठ करायला लावू नका. गुगल कॅलेंडरमध्ये दुसरा टाइमझोन शेजारी उघडा ठेवायला शिकवा. प्रत्येक निमंत्रणात दोन्हीकडची वेळ लिहायची शिस्त लावा. "उद्या सकाळी" हे शब्द ईमेलमध्ये लिहायचे नाहीत, कुणाचं उद्या आणि कुणाची सकाळ? तारखेचंही तसंच. ०५/०६ म्हणजे आपल्याला आणि ब्रिटिशांना ५ जून, अमेरिकनांना ६ मे. महिना अक्षरांत लिहिला की वाद मिटतो.

हे शिकवतानाच प्रत्येकाला स्वतःच्या दिवसाचा नकाशा काढायला लावा. मुलगा पहिलीत असलेल्या त्या आईचे सकाळी साडेसात ते साडेबारा म्हणजे सिडनीत, तिथल्या हिवाळ्यात, दुपारी बारा ते संध्याकाळी पाच. तिनं ऑस्ट्रेलियातलं काम शोधावं. दुपारी मोकळं असणाऱ्याला ब्रिटनची सकाळ जुळते. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा किंवा साडेसात, स्वयंपाकाची आणि मुलांच्या अभ्यासाची वेळ. घरात ती वेळ कोण सांभाळणार हे ठरल्याशिवाय अमेरिकेचं काम घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगते. आणि पुण्यातलंच काम मिळत असेल तर ते आनंदानं घ्या.

सातवी पायरी: शीट आणि त्यातल्या लपलेल्या चुका

गुगल शीट्समध्ये फिल्टर, सॉर्ट, बेरीज, दोन यादींची जुळणी आणि रकाने गोठवणं एवढं आलं की सुरुवातीला पुरतं. सूत्रांच्या मागे फार लागू नका, नजर तयार करा. बॉस्टनचा एक पिन कोड ०२१०८ असा आहे. शीटमध्ये तो तसाच टाकला तर पुढचं शून्य गळून २१०८ राहतं आणि पार्सल अडकतं. ब्रिटनमधल्या शून्यानं सुरू होणाऱ्या मोबाईल नंबरांचं तेच होतं. असे रकाने आधी साधा मजकूर म्हणून ठरवायचे, मग आकडे भरायचे. मी शंभर ओळींची एक खोटी यादी बनवून ठेवली आहे. तिच्यात एकच माणूस तीन स्पेलिंगांनी येतो, दोन ईमेलांत ॲटचं चिन्ह नाही, एका ठिकाणी आडनाव आणि नाव उलटं आहे. अठरा चुका आहेत आणि किती आहेत ते मी सांगत नाही.

यादी खोटीच वापरा. सोसायटीच्या सभासदांची खरी नावं आणि नंबर सरावाला देणं चूक आहे, भले सगळे ओळखीचे असोत.

आठवी पायरी: दुसऱ्याची गुपितं

क्लायंटचा इनबॉक्स हातात आला की त्याचा आजार, त्याचं कर्ज, त्याचा घटस्फोट सगळं नजरेखालून जातं. त्यातलं काहीही घरी बोलायचं नाही. स्क्रीनचा फोटो काढून ग्रुपवर "याला काय म्हणतात?" विचारायचं नाही. लॅपटॉप घरात सगळे वापरत असतील तर कामासाठी वेगळं खातं, वेगळा पासवर्ड आणि उठताना लॉक. पासवर्ड व्हॉट्सॲपवर मागायचे नाहीत आणि द्यायचे नाहीत. बिटवॉर्डनसारखा मोफत पासवर्ड मॅनेजर पहिल्याच आठवड्यात लावून द्या, आणि प्रत्येक खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी. युरोपातले क्लायंट २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या तिथल्या माहिती-संरक्षण कायद्याबद्दल विचारतात, आपल्याकडेही डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला. शिकणाऱ्याला कलमं पाठ नकोत. आपल्याकडे कुणाची काय माहिती आहे, ती कुठे ठेवली आहे आणि काम संपल्यावर ती कशी पुसणार, या तीन प्रश्नांना उत्तर देता यावं.

चॅटजीपीटी, जेमिनी वगैरे मी पाचव्या आठवड्यापर्यंत वापरू देत नाही. आधी दहा ईमेल स्वतः लिहिलेले असले की यंत्रानं लिहिलेल्या ईमेलमध्ये काय खटकतं ते कळतं. त्यानंतर जरूर वापरा, पण क्लायंटच्या परवानगीशिवाय त्याचा मजकूर तिथे चिकटवू नका.

नववी पायरी: खरं काम, पण कुणासाठी?

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. दुसऱ्या बॅचच्या शेवटी सरावाला खरं काम हवं होतं. माझ्याच एका क्लायंटची चारशे पत्त्यांची यादी तपासायची होती, ती मी सहा जणांना वाटून दिली. दोन दिवसांत काम झालं, छान झालं. मी बिल पाठवलं. त्या आठवड्यात एका मुलीनं अगदी साधेपणानं विचारलं, "ताई, याचे पैसे कुणाला मिळतात?" मला उत्तर देता आलं नाही. त्या महिन्यात मी ते पैसे सहा भागांत वाटले आणि क्लायंटला कळवलं की यादी इतरांनीही हाताळली आहे. तो नाराज झाला, आणि त्याचं बरोबर होतं. मी त्याची माहिती न विचारता दुसऱ्यांच्या हाती दिली होती.

तेव्हापासूनचे नियम: ज्या कामाचे मला पैसे मिळतात ते काम सरावाला द्यायचं नाही. सरावाचं काम ज्याच्यासाठी करायचं, त्याला हे नवशिके आहेत हे माहीत हवं. कामाची यादी लिहून, एका शिकणाऱ्याचे जास्तीत जास्त दहा तास. अकराव्या तासापासून दर लागू. आणि शेवटी त्या माणसानं दोन ओळींचं का होईना, कामाबद्दलचं पत्र द्यायचं.

अशी माणसं पुण्यात गल्लोगल्ली आहेत. माझी आवडती म्हणजे दिवाळीच्या आधी फराळ करणाऱ्या बायका. इथून किती घरांचा फराळ अमेरिकेत आणि युरोपात मुलांकडे जातो, आणि त्या सगळ्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात. "मागच्या वर्षीसारखंच पाठवा." "चकली अर्धा किलो, तिखट कमी." "पत्ता मुलीला विचारून सांगते." दोन मेसेजांच्या मध्ये कुणाचा तरी शुभ सकाळचा फोटो. काकू कढईपाशी आणि फोन पिठाच्या हातांनी माखलेला.

शिकणाऱ्या दोघींना तिथे बसवा. पहिला दिवस फक्त ऐकायचं आणि मेसेज वाचायचे. दुसऱ्या दिवशी शीट: नाव, पदार्थ, वजन, तिखट-गोड सूचना, पत्ता, पिन कोड, परदेशातला फोन, कुरिअरला द्यायची शेवटची तारीख, पैसे आले का. मागच्या वर्षी काय पाठवलं होतं हे काकूंच्या वहीतून शोधून काढायचं. ज्यांचा पत्ता नाही त्यांना नम्र मेसेज, एकदा सोमवारी, एकदा गुरुवारी. अनारसे किती किलो करायचे ही बेरीज रोज संध्याकाळी काकूंना एका ओळीत कळवायची. पार्सल निघालं की ट्रॅकिंग नंबर आईला आणि परदेशातल्या मुलीला, दोघींना. अपुरी माहिती, विसरलेल्या तारखा, घाईतला मालक, दुसऱ्या देशातला पत्ता: परदेशी क्लायंटच्या कामात जे जे येतं ते सगळं या एका स्वयंपाकघरात भेटतं, आणि चूक झाली तर काकू समोर असतात. एकीनं पाव किलोच्या जागी पाच किलो बेसन लाडू लिहिले होते. संध्याकाळच्या बेरजेत ते पकडलं गेलं. त्या दिवसानंतर रोजची बेरीज कशाला, असं कुणी विचारलं नाही.

दिवाळी नसेल तर छोट्या वाचनालयाची पुस्तकांची यादी, अष्टविनायक यात्रा काढणाऱ्याच्या बुकिंगा, एखाद्या गायन वर्गाच्या वेळा आणि फीच्या आठवणी.

दहावी पायरी: दर आणि पैसे

दर विचारला की नवशिका म्हणतो, "तासाला शंभर?" हिशेब मांडायला लावा. महिन्याला २०,००० रुपये हातात हवेत. इंटरनेट, वीज, लॅपटॉपची दुरुस्ती मिळून २,५०० धरा. दिवसाचे चार तास बिलाचे, महिन्याचे वीस दिवस, म्हणजे ८० तास. २२,५०० भागिले ८० म्हणजे २८१ रुपये आणि काही पैसे. सुट्टी, आजारपण आणि प्लॅटफॉर्मचं कमिशन अजून यात नाही, तेव्हा तीनशेच्या खाली उतरायचं कारण नाही. हा आकडा स्वतःच्या हातानं काढला की तो तोंडातून ठामपणे निघतो.

पहिलं काम बहुधा ओळखीतून मिळतं, म्हणून फराळवाल्या काकूंचं पत्र मोलाचं. त्याच्या जोडीला लिंक्डइनचं नीट भरलेलं पान. अपवर्क या फ्रीलान्स कामांच्या संकेतस्थळावर अर्ज करायला कनेक्ट्स नावाचे टोकन लागतात आणि संपले की विकत घ्यावे लागतात. म्हणून दिवसाला वीस अर्जांपेक्षा दोन नीट वाचून केलेले बरे. तिथे भेटलेल्या क्लायंटकडून परस्पर पैसे घेणं किंवा आपलं खातं दुसऱ्याला वापरायला देणं नियमाविरुद्ध आहे, खातं जातं.

परदेशातले पैसे घेण्यासाठी पॅन आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं लागतं. नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या खात्यावर काम सुरू करू नका, असं मुलींना आग्रहानं सांगा. पेपालमध्ये भारतात पैसे साठवून ठेवता येत नाहीत, ते बँकेत वळते होतात. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेचा दाखला जपून ठेवायचा. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला २० लाख रुपये आहे, तिथवर पोहोचायला वेळ असतो. प्राप्तिकराचं विवरणपत्र मात्र पहिल्या वर्षापासून भरायची सवय लावा. त्यासाठी एखाद्या सीएला एका सत्राला बोलवा, माझ्याकडे दरवेळी कुणी ना कुणी आनंदानं येतं.

फसवणुकीवर अर्धा तास

हा अर्धा तास कधीच गाळू नका. काम देण्याआधी पैसे मागणारा क्लायंट नसतो. "डेटा एंट्री, नोंदणी फी फक्त इतकी" ही जुनी रीत. दुसरी जास्त वाईट: आधी करारावर सही घेतात, मग अशक्य अचूकतेची अट घालून काम नापास करतात आणि वकिलाच्या नावानं नोटीस पाठवून हजारो रुपये मागतात. घाबरून पैसे भरलेली मुलगी माझ्याकडे आली होती, तिनं घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. तिसरी, टेलिग्रामवरचे "लाईक करा, पैसे मिळवा". चौथी, "तुमचं बँक खातं फक्त आठवडाभर वापरू द्या". यातून पोलीस तुमच्या दारात येतात, त्यांच्या नाही. १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये सत्रातच सेव्ह करून घ्या. पैसे गेल्याचं लक्षात आलं की त्याच क्षणी फोन करायचा.

बॅच संपल्यानंतर

प्रमाणपत्र मी देत नाही. देते ते पत्र, त्या माणसानं आठ आठवड्यांत प्रत्यक्ष काय काय केलं याचं, एका पानाचं.

त्यानंतर तीन महिने दर पंधरवड्याला एक तास भेटायचं. गुगल मीटची मोफत ग्रुप मीटिंग तासभर चालते, तेवढी पुरते. माझ्या शीटमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे एकच रकाना आहे, पहिल्या बिलाची तारीख. तो तीन महिन्यांनी रिकामा असेल तर नवीन काही शिकवायला घेऊ नका. त्याच्यासोबत बसून त्यानं पाठवलेले शेवटचे दहा अर्ज वाचा. बहुतेक वेळा दहाही एकसारखे असतात, समोरच्यानं काय मागितलं होतं याचा त्यात उल्लेखच नसतो. अकरावा अर्ज तिथेच, तुमच्या शेजारी बसून लिहू द्या. कुणी मधेच एखाद्या ऑफिसात नोकरी धरली तर तीही तारीख त्याच रकान्यात लिहा.

आणि पुढच्या बॅचचं ईमेलचं पहिलं सत्र जुन्या बॅचमधल्या कुणाला तरी घ्यायला सांगा. "डाउट"चा घोळ त्यांनी स्वतः केलेला असतो, त्यामुळे त्यांचं सांगणं नव्यांना आपल्यापेक्षा लवकर पटतं. त्या सत्राचे तास मोजा आणि त्यांचा जो ताशी दर असेल त्यानं पैसे द्या.